विषाणूचे कूळ आणि रुग्णाचे भवितव्य

२००९ सालच्या प्रारंभी गुजरात राज्याच्या साबरकांठा जिल्ह्यात, मोडासा आणि आसपासच्या गावांमध्ये काविळीची साथ सुरू झाली. (२०१३ मध्ये अरवली हा नवा जिल्हा निर्माण झाल्यापासून मोडासा त्या जिल्ह्यात मोडते.) पावसाळ्यात गढूळ पाण्याबरोबर येणारी कावीळ ग्रामीण भागाला अपरिचित नाही. ती येते, रुग्णास काही आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवते आणि बहुधा निघून जाते. मोडाशाची साथ या जातीची नव्हती. ती पाण्यातून आलेली नव्हती, रक्तातून पसरलेली होती. तिचे कारण हिपॅटायटिस बी, म्हणजेच ‘कावीळ ब’ हा विषाणू होता.

प्रौढ माणसास या विषाणूची नव्याने बाधा होऊन कावीळ झाली, तर शंभरात एखादाच रुग्ण दगावतो, असा वैद्यकशास्त्राचा सर्वसाधारण अनुभव आहे. मोडाशात साडेचारशेच्या आसपास रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी सुमारे नव्वद दगावले. म्हणजे पाचांतील एक. विषाणू ओळखीचा, रोग ओळखीचा. मग मृत्यूचे प्रमाण एवढे कसे?

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या साथीचा अभ्यास केला. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली गोष्ट म्हणजे नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजा आणि सुया. दुसरी गोष्ट म्हणजे विषाणूच्या जनुकीय रचनेत झालेले काही बदल. या बदलांचा आणि मृत्यूंचा संबंध असल्याचे संशोधकांना आढळून आले. ‘ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये’ असे म्हणतात. विषाणूच्या बाबतीत मात्र कूळ आणि मूळ दोन्ही शोधावे लागतात, कारण रुग्णाचे भवितव्य काही अंशी त्यावर अवलंबून असते. ते किती अंशी अवलंबून असते, आणि उरलेले कोणाच्या हाती असते, याचा विचार या भाषणात करावयाचा आहे.

विषाणूची ओळख

या विषाणूचा पहिला मागोवा अमेरिकन शास्त्रज्ञ बरूच ब्लुम्बर्ग यांना लागला. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन आढळले. १९६५ साली ते ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ या नावाने प्रसिद्ध झाले. हे प्रथिन म्हणजे हिपॅटायटिस बी विषाणूचे बाह्य आवरण होय, हे पुढे सिद्ध झाले. ब्लुम्बर्ग यांना १९७६ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

हा विषाणू रक्त व शरीरातील अन्य द्रवांवाटे पसरतो : बाधित मातेकडून प्रसूतीच्या वेळी बालकाकडे, दूषित सुईवाटे, तपासणी न केलेल्या रक्तावाटे आणि शरीरसंबंधावाटे. तो शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. बाधा कोणत्या वयात झाली यास फार महत्त्व आहे. जन्मवेळी बाधा झालेल्या शंभर बालकांपैकी सुमारे नव्वद बालकांच्या शरीरात विषाणू कायमचा ठाण मांडतो. प्रौढपणी बाधा झालेल्या शंभरांपैकी पाचांहूनही कमी जणांत तो टिकून राहतो. जे दीर्घकाळ बाधित राहतात त्यांच्यापैकी काहींना पुढे यकृत घट्ट व निकामी होण्याचा विकार, म्हणजे सिरोसिस, किंवा यकृताचा कर्करोग होतो. इतरांना मात्र आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. हा फरक का पडतो, हा वैद्यकशास्त्रापुढील मोठा प्रश्न आहे. विषाणूची जनुकीय रचना हे त्याच्या उत्तराचा एक भाग होय.

नक्कल आणि रुजवात

या विषाणूचा सारा जनुकीय मजकूर सुमारे ३,२०० अक्षरांचा आहे. मानवाचा मजकूर सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे विषाणूचे दप्तर किती लहान आहे याची कल्पना येते. परंतु हे दप्तर मोठ्या काटकसरीने लिहिलेले आहे. त्यात चारच जनुके आहेत आणि ती एकमेकांवर अशी रचलेली आहेत की एकाच ओळीतून दोन निरनिराळे मजकूर वाचता यावेत.

यकृताच्या पेशीत शिरल्यावर विषाणू या मजकुराच्या असंख्य नकला काढवितो. सरकारी कचेरीत नक्कल तयार झाली म्हणजे ती मूळ प्रतीशी ताडून पाहिली जाते. यालाच रुजवात घेणे म्हणतात. विषाणूच्या नकला करणाऱ्या विकराजवळ रुजवातीची सोय नाही. त्यामुळे अक्षरे चुकतात आणि चुकलेली नक्कल तशीच पुढे जाते. बहुतेक चुका विषाणूलाच घातक असतात व त्या नकला नष्ट होतात. एखादी चूक मात्र विषाणूच्या पथ्यावर पडते. शरीराची प्रतिकारशक्ती किंवा औषध यांच्या माऱ्यातून तेवढा विषाणू वाचतो व वाढतो. यालाच उत्परिवर्तन म्हणतात.

म्हणून विषाणूतील भेद दोन पातळ्यांवर पाहावे लागतात. शतकानुशतके साठत गेलेल्या फरकांतून निरनिराळी कुळे निर्माण झाली. त्यांना जनुकप्रकार म्हणतात. एकाच रुग्णाच्या शरीरात, काही वर्षांच्या अवधीत होणारे एकदोन अक्षरांचे बदल ही दुसरी पातळी होय.

दहा कुळे

जनुकप्रकारांची पद्धतशीर वर्गवारी जपानी शास्त्रज्ञांनी १९८८ साली मांडली. संपूर्ण मजकुरात आठ टक्क्यांहून अधिक फरक असल्यास प्रकार वेगळा मानावा, अशी कसोटी त्यांनी ठरविली आणि ए, बी, सी व डी असे चार प्रकार सांगितले. पुढे ही संख्या दहापर्यंत गेली. ए प्रकार वायव्य युरोप, उत्तर अमेरिका आणि आफ्रिकेत, बी आणि सी हे पूर्व व आग्नेय आशियात, तर डी हा भूमध्य सागरालगतचे देश, पश्चिम आशिया आणि भारतात विशेष आढळतो. ई पश्चिम आफ्रिकेचा, तर एफ व एच अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांचे.

भारतात डी प्रकार बहुसंख्य आहे, त्याखालोखाल ए; पूर्व भारतात सी प्रकारही आढळतो. अरुणाचल प्रदेशातील इदू मिश्मी जमातीत ‘आय’ हा दुर्मीळ प्रकार असल्याचे पुण्याच्याच संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१० साली प्रसिद्ध केले. माणसे जेथे गेली तेथे विषाणूही गेला. त्याचे कूळ ही एका अर्थी मानवी स्थलांतराची वंशावळ होय.

तैवान आणि अलास्का यांचे अनुभव

कुळाचा रुग्णाच्या भवितव्याशी काय संबंध आहे, हे ठरविणे सोपे नाही. त्यासाठी हजारो बाधितांकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. असे काम तैवानमध्ये झाले. १९९१ व १९९२ साली तेथील सात स्थानिक विभागांतील ३० ते ६५ वर्षे वयाच्या २३,८२० रहिवाशांची नोंद करण्यात आली. त्यांपैकी हिपॅटायटिस बीने बाधित असलेल्या ३,६५३ जणांचा सुमारे अकरा वर्षे पाठपुरावा करण्यात आला. तैवानात बी आणि सी हे दोन प्रकार शेजारी शेजारी नांदतात; त्यामुळे तुलना करणे शक्य झाले.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सी प्रकाराने बाधित असलेल्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका बी प्रकाराच्या मानाने सुमारे पावणेदोन पट होता. त्याआधी, २००६ साली, याच पाहणीतून आणखी एक गोष्ट सिद्ध झाली होती. रक्तातील विषाणूंची संख्या, म्हणजे विषाणूभार, अत्यल्प असलेल्या गटात कर्करोगाचे एकूण प्रमाण १.३ टक्के होते; तो सर्वाधिक असलेल्या गटात ते १४.९ टक्क्यांवर गेले. कुळाचा परिणाम पावणेदोन पट, तर विषाणूभाराच्या दोन टोकांतील तफावत अकरा पटींहून अधिक. ही तुलना ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण कूळ बदलता येत नाही, परंतु विषाणूभार औषधाने कमी करता येतो.

सी प्रकार अधिक घातक का, याचा काही उलगडा अलास्कातील मूळ रहिवाशांच्या पाहणीतून होतो. विषाणू जोमाने वाढत असताना तो रक्तात ‘ई प्रतिजन’ नावाचे एक प्रथिन सोडतो. प्रतिकारशक्ती जागी होऊन विषाणूला आवर घालू लागली म्हणजे हे प्रथिन सामान्यतः नाहीसे होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ए, बी, डी आणि एफ प्रकारांच्या बाधितांपैकी निम्म्या जणांच्या रक्तातून ई प्रतिजन वयाच्या विशीच्या आतच गेलेले होते. सी प्रकारात तोच टप्पा गाठण्यास सुमारे ४८ वर्षांचे वय उजाडत होते. म्हणजे यकृताला तीन दशके अधिक झुंज द्यावी लागत होती. याचा आणखी एक परिणाम होतो. अपत्यप्राप्तीच्या वयातही मातेच्या रक्तात विषाणू विपुल राहतो आणि तो बालकाकडे जाण्याचा संभव वाढतो. विषाणूचे कूळ अशा रीतीने एका पिढीतून दुसऱ्या पिढीत उतरते.

एका अक्षराचा फरक

आता दुसऱ्या पातळीवरील भेदांकडे वळावयास हवे. विषाणूच्या मजकुरात १८९६ क्रमांकाच्या जागी ‘जी’ या अक्षराऐवजी ‘ए’ आले, तर त्या ठिकाणी अकाली पूर्णविराम पडतो आणि ई प्रतिजन तयारच होत नाही. विषाणू मात्र वाढतच राहतो. १९८९ साली हा बदल शास्त्रज्ञांनी वर्णन केला आणि वैद्यकातील एक जुना समज ढासळला. ई प्रतिजन रक्तात नाही म्हणजे रोग शमला, असे तोपर्यंत मानले जात असे. ते नसतानाही रोग धुमसत राहू शकतो, हे आता उमगले. भूमध्य सागराच्या परिसरात आणि भारतातही, म्हणजे जेथे डी प्रकार अधिक आहे तेथे, असे रुग्ण पुष्कळ आढळतात. याच्या अलीकडच्या १७६२ व १७६४ या दोन जागांवरील जोडबदलही महत्त्वाचा आहे. तैवानच्या पाहणीत हा जोडबदल असलेल्यांना कर्करोगाचा धोका अधिक असल्याचे दिसून आले.

या बदलांचा सर्वांत भीषण प्रत्यय अकस्मात होणाऱ्या काविळीत येतो. १९८६ साली इस्रायलमधील हैफा येथे यकृत झपाट्याने निकामी करणाऱ्या काविळीने पाच रुग्ण दगावले. त्यांच्या विषाणूंचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्या विषाणूंत ई प्रतिजनाची निर्मिती थांबविणारे बदल होते. जपानमधील रुग्णांतही त्याच वर्षी असेच निष्कर्ष निघाले.

असे का व्हावे? यकृताची हानी विषाणू स्वतः फारशी करीत नाही. बाधित पेशींवर तुटून पडणारी शरीराची प्रतिकारशक्तीच ती करते. ई प्रतिजन या प्रतिकारशक्तीला काहीसे गाफील ठेवते, असे मानले जाते. ते नाहीसे झाले की प्रतिकाराचा घाव एकदम आणि सर्व शक्तीनिशी पडतो. चोर पकडण्याच्या भरात घरच पेटविले जावे, तसा हा प्रकार होतो.

मोडाशातील विषाणू डी प्रकाराचे होते, आणि १८९६ च्या जागेवरील बदल तसेच वर उल्लेखिलेला जोडबदल यांचा मृत्यूंशी संबंध आढळला. हे विषाणू कोठून परग्रहावरून आलेले नव्हते. अशा बदलांचे विषाणू दीर्घकाळ बाधित असलेल्या, वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या माणसांच्या शरीरात वर्षानुवर्षे असतात. त्या माणसाला त्यांचा उपद्रव कदाचित जाणवतही नाही. सुईने ते निरोगी शरीरात नेऊन सोडले.

मात्र याच १८९६ च्या बदलाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तैवानच्या दीर्घकालीन पाहणीत हा बदल असलेल्यांना कर्करोगाचा धोका उलट कमी आढळला. एकच अक्षर एका प्रसंगी प्राणघातक काविळीच्या जोडीला दिसते आणि दुसऱ्या प्रसंगी कमी धोक्याच्या जोडीला. बाधा नवी की जुनी, रुग्णाचे वय काय, विषाणूभार किती आणि कूळ कोणते, या साऱ्यांच्या संदर्भाशिवाय एकट्या अक्षरावरून भविष्य वर्तविता येत नाही.

औषधोपचार आणि विषाणूचा प्रतिकार

उपचारांच्या बाबतीतही कुळाचा विचार करावा लागतो. इंटरफेरॉन हे इंजेक्शनाने द्यावयाचे औषध प्रतिकारशक्तीला चेतना देते. या औषधाच्या सुधारित प्रकाराची एक मोठी चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तीत ई प्रतिजन नाहीसे होण्याचे प्रमाण ए प्रकारात ४७ टक्के, बी प्रकारात ४४ टक्के, सी प्रकारात २८ टक्के आणि डी प्रकारात २५ टक्के आढळले. भारतातील बहुसंख्य रुग्ण डी प्रकाराचे असल्याने त्यांच्या दृष्टीने हे खर्चिक व त्रासदायक औषध फारसे आशादायक ठरत नाही.

विषाणूची नक्कल रोखणाऱ्या गोळ्यांचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. १९९८ साली अमेरिकेत लॅमिव्ह्युडिन या गोळीस हिपॅटायटिस बीसाठी मान्यता मिळाली. आरंभी ती गुणकारी ठरली. परंतु नक्कल करणाऱ्या विकरातील एकाच ठिकाणच्या बदलामुळे विषाणू तिला दाद देईनासा झाला. पाच वर्षांच्या उपचारानंतर सुमारे ७० टक्के रुग्णांत असे प्रतिकारक विषाणू आढळू लागले. पुढे आलेल्या एन्टेकॅव्हिर या गोळीच्या बाबतीत, पूर्वी औषध न घेतलेल्या रुग्णांत, हे प्रमाण पाच वर्षांत दीड टक्क्याच्याही आत राहिले. टेनोफोव्हिर या औषधास अमेरिकेत २००८ साली या रोगासाठी मान्यता मिळाली. त्याच्या आठ वर्षांच्या अभ्यासातही विषाणूने प्रतिकार विकसित केल्याचे आढळले नाही. ही दोन्ही औषधे सर्व कुळांच्या विषाणूंवर चालतात. विषाणू समूळ नष्ट करण्याचे सामर्थ्य त्यांत नाही. परंतु विषाणूभार खाली ठेवून सिरोसिस व कर्करोगाचा धोका ती निश्चित कमी करतात. यास्तव गोळी दीर्घकाळ, कित्येकदा जन्मभर, घ्यावी लागते. बरे वाटले म्हणून ती मनानेच सोडल्यास विषाणू उसळी घेतो आणि यकृताला जबर इजा होऊ शकते.

भारतातील चित्र

भारतीय रुग्णांच्या बाबतीत ए घातक की डी, या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे मिळाले आहे. दिल्ली येथे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डी प्रकाराचा संबंध यकृताच्या अधिक गंभीर विकारांशी आढळला. लखनौ येथील २००५ सालच्या अभ्यासात उलट ए प्रकार गंभीर आजाराशी अधिक निगडित दिसला. पश्चिम भारतातील रुग्णांचा अभ्यास करून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २००३ साली असे नमूद केले की, येथे जनुकप्रकारास रुग्णाच्या स्थितीच्या दृष्टीने विशेष महत्त्व दिसत नाही. दक्षिण आफ्रिकेत त्याच सुमारास निराळे चित्र समोर आले होते. तेथील कृष्णवर्णीय रुग्णांत ए प्रकाराचा यकृताच्या कर्करोगाशी निकटचा संबंध आढळला आणि कर्करोग तुलनेने तरुण वयात होत असल्याचेही दिसले.

या मतभेदांतून गोंधळून जाण्याचे कारण नाही. एकाच अक्षराच्या नावाखाली पोटप्रकार असतात. रुग्णालयात येणारे रुग्ण हे समाजाचे नेमके प्रतिबिंब नसतात. आहार, मद्यपान, इतर विकार आणि उपचारास झालेला विलंब यांचाही परिणाम होतो. म्हणूनच जनुकप्रकाराची खर्चिक चाचणी प्रत्येक रुग्णास आवश्यक मानली जात नाही. यकृताची तपासणी, विषाणूभार आणि नियमित देखरेख यांवरच उपचारांची दिशा ठरते. ‘माझा विषाणू कोणत्या जातीचा?’ या चिंतेने रुग्णाने खचून जाण्याची किंवा निश्चिंत होण्याची आवश्यकता नाही.

लसीची कसोटी

विषाणू असा पालटत असेल तर लस त्याच्यापुढे टिकेल काय, अशी शंका सुजाण नागरिकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. लसीचे लक्ष्य विषाणूच्या आवरणावरील एक विशिष्ट भाग हे असते. १९९० साली इटलीतील एका बालकाची हकीकत प्रसिद्ध झाली. बाधित मातेच्या या बालकास लस देऊनही बाधा झाली, आणि त्याच्या विषाणूच्या आवरणात १४५ व्या जागी बदल झालेला आढळला. तेव्हापासून शास्त्रज्ञ या धोक्यावर लक्ष ठेवून आहेत.

या शंकेचे उत्तरही तैवानने दिले. तेथे १९८४ साली नवजात बालकांच्या लसीकरणास प्रारंभ झाला. त्या वर्षी तैपेईतील १५ वर्षांखालील मुलांत बाधितांचे प्रमाण ९.८ टक्के होते. १९९९ साली ते ०.७ टक्क्यावर आले. उरलेल्या थोड्या बाधित मुलांत बदललेल्या आवरणाच्या विषाणूंचा वाटा वाढला हे खरे. परंतु असे विषाणू समाजात पसरून लसीला निष्प्रभ करतील ही भीती प्रत्यक्षात उतरली नाही. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण १९९० नंतरच्या चार वर्षांत पूर्वीच्या निम्म्यावर आले. लस प्रामुख्याने ए प्रकाराच्या आवरणापासून बनविलेली असते, तरी ती बी व सी प्रकारांच्या प्रदेशातही यशस्वी झाली, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. कुळे दहा असली तरी लस एकच पुरते.

भारतात ही लस २००२-०३ पासून निवडक भागांत देण्यात येऊ लागली आणि २०११-१२ पर्यंत राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात देशभर समाविष्ट झाली. हैदराबाद येथे १९९७ साली पहिली स्वदेशी लस तयार झाल्याने किंमत खाली येण्यास मदत झाली होती. लसीची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची असते. आईच्या रक्तात ई प्रतिजन नाही म्हणून बालक सुरक्षित आहे, असे समजू नये. बदललेल्या विषाणूची बाधा बालकास झाली तर पहिल्या काही महिन्यांतच तीव्र कावीळ उद्‌भवू शकते.

गावपातळीवरील कर्तव्य

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालानुसार, २०२२ साली जगात हिपॅटायटिस बीने दीर्घकाळ बाधित असलेल्यांची संख्या २५ कोटी ४० लाख होती. भारतात ती सुमारे तीन कोटी होती. जगातील बाधितांपैकी १३ टक्क्यांनाच आपल्या बाधेची माहिती झालेली होती आणि सुमारे तीन टक्क्यांनाच उपचार मिळत होते. त्या एका वर्षात या विषाणूने ११ लाख बळी घेतले. यांतील बहुसंख्यांचे भवितव्य विषाणूच्या कुळाने ठरविले असे म्हणता येणार नाही. त्यांना वेळेवर तपासणी मिळाली नाही, हे त्यांच्या दुर्दैवाचे मोठे कारण होय.

या दृष्टीने शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या हाती बरेच काही आहे. केंद्र शासनाने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्या अन्वये तपासणी व औषधे विनामूल्य देण्याची तरतूद आहे. गरोदर स्त्रीच्या रक्ताची तपासणी झाली की नाही, आणि प्रसूतीनंतर बालकास चोवीस तासांच्या आत लस मिळाली की नाही, एवढ्या दोन गोष्टींची विचारणा ग्रामसभेत नियमितपणे झाली तरी पुष्कळ काही साधेल. प्रसूती घरी झाली तर ही पहिली मात्रा हटकून चुकते.

दुसरी गोष्ट सुईची. ‘सुई टोचल्याशिवाय बरे वाटत नाही’ ही समजूत गावोगावी आहे. पुष्कळ आजारांत गोळीनेच भागते, तेथे इंजेक्शनाचा आग्रह रुग्णाने धरू नये आणि डॉक्टरांनी पुरवू नये. इंजेक्शन आवश्यकच असेल तर सिरिंज नवी व बंद वेष्टनातील आहे, ती डोळ्यांदेखत उघडली जात आहे आणि वापरानंतर ती निकामी केली जात आहे, हे पाहण्याचा रुग्णाला अधिकार आहे. हीच दक्षता केशकर्तनालयातील पाते, जत्रेत गोंदविणाऱ्याची सुई आणि कान टोचण्याचे साधन यांबाबत घ्यावयास हवी. वापरलेल्या सुया-सिरिंजा उकिरड्यावर किंवा भंगारवाल्याकडे जात असतील तर तो पंचायतीच्या अखत्यारीतील विषय आहे.

तिसरी गोष्ट समजुतींची. कावीळ झाली की गळ्यात माळ घालून ती ‘उतरविण्याची’ प्रथा अजून गेलेली नाही. नव्याने झालेली कावीळ बहुधा आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला जाते. डोळ्यांतील पिवळेपणा गेला तरी विषाणू शरीरात राहिला आहे काय, हे माळ सांगू शकत नाही. ते रक्ताची चाचणीच सांगते. याच्या उलट बाजूस अकारण भीतीही आहे. एका पंगतीत जेवल्याने, एका बाकावर बसल्याने किंवा हातात हात दिल्याने हा विषाणू पसरत नाही. बाधित विद्यार्थ्यास वेगळे बसविणे, बाधित सुनेस माहेरी धाडणे किंवा बाधित मजुरास कामावरून कमी करणे यांस शास्त्राचा कोणताही आधार नाही. अशा वागणुकीमुळे माणसे तपासणीच टाळतात, आणि ज्याचे निदान झालेले नाही तो रुग्ण स्वतःसाठी व इतरांसाठी अधिक धोक्याचा ठरतो.

मोडाशातील विषाणूच्या मजकुरातील अक्षरे कोणीही माणसाने बदलली नव्हती. ती कोणाला थांबविताही आली नसती. परंतु एका शरीरातील सुई दुसऱ्या शरीरात जाऊ न देणे माणसाच्या हाती होते. विषाणूच्या कुळांचा अभ्यास प्रयोगशाळेत चालूच राहील आणि उद्याच्या रुग्णास त्याचा लाभही होईल. तोवर नवी सुई, जन्मताच लस, वेळेवर तपासणी आणि न चुकता घेतलेली गोळी ही चार साधने आजच उपलब्ध आहेत. विषाणू कोणत्याही कुळातील असो, त्याच्यापुढे ती चारही चालतात.